रेघेखालचा निकाल

पॉट्सडॅम,
सोमवार, ३ मार्च १९५८

चिरंजीव याओस अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं भावंडं ठीक आहोत. माथिल्डेचा गुडघा सोडला तर घरात कुरकुरणारं काही नाही. समुद्रप्रवासाचा तुला फार त्रास झाला नसेल आणि बर्लिनच्या त्या बड्या हॉटेलात पांघरुणं पुरेशी मिळाली असतील, अशी आशा करतो.

'चिरंजीव' लिहिलं आणि लेखणी अडली. बावन्न वर्षांचा गृहस्थ, टोगोच्या शिष्टमंडळाचा प्रमुख, त्याला मी चिरंजीव म्हणतोय! माथिल्डे पाठीमागून वाचत होती. म्हणाली, "गोटहोल्ड, आता 'महोदय' लिहायला शीक. तो तुझ्यासमोर बाकावर नाही बसलेला, सरकारसमोर खुर्चीवर बसलाय." तिला म्हटलं, तू विणकाम कर. पण तिचं खरं आहे. तरी एवढं एक पत्र मला जुन्या सवयीनं लिहू दे.

शनिवारी मी लेर्टर स्टेशनवर आलो होतो. तुला दिसलो नसेन, कठड्यामागे शेवटच्या रांगेत उभा होतो. गार्ड पलटण सलामीला उभी होती, वाद्यवृंद वाजत होता, आणि गाडीच्या पायरीवरून तू उतरलास, तो काळा कोट घालून, टोपी हातात धरून. मी पुढे सरकलो तसा पोलीस म्हणाला, "आजोबा, मागं व्हा."

"अहो, तो माझा विद्यार्थी आहे!"

"असं होय? आणि कैसर माझा मेहुणा!"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. काय करणार? पलटणीनं बंदुका उचलल्या तेव्हा तू जराही दचकला नाहीस, सैनिकांच्या डोळ्यांकडे बघत संथ चालत गेलास. याओ, या म्हाताऱ्याची छाती त्या वेळी एवढी फुगली की कोटाचं बटण तुटतं की काय असं वाटलं. हाक मारावीशी वाटली होती. मारली नाही. गर्दी फार होती.

मग संध्याकाळी परराष्ट्र खात्यातलं तुझं भाषण रेडिओवर ऐकलं. निवेदक सांगत होता की दुभाषा पहिल्या पाच मिनिटांतच कागद मिटून पाणी पीत बसला. तू एक वाक्य घेतलंस, चांगलं चार श्वासांचं, त्यात तीन उपवाक्यं गुंफलीस, आणि माझा जीव टांगणीला लागला, आता हा क्रियापद विसरणार! तू ते शेवटी नेमक्या जागी आणून ठेवलंस. मी टेबलावर थाप मारली, सूप सांडलं. आमच्या अर्ध्या खासदारांना हे जमत नाही.

तुला अठरा सालचा कैसरचा वाढदिवस आठवतो का? महायुद्ध संपवणाऱ्या सोळा सालच्या तहात टोगो आपल्याला परत मिळाल्याला फार दिवस झाले नव्हते. लोमेच्या शाळेच्या अंगणात वाळवंटाकडून येणारी ती पांढरी धूळ भरली होती, गव्हर्नर रुमाल नाकाला लावून बसले होते, आणि तू बारा वर्षांचा, अनवाणी, क्रमिक पुस्तकातली बर्फाची कविता म्हणालास:

कौलांवरती बर्फ साचला, गाव निजे दुलईत;
एक दिवा तो जागत राही आईच्या खिडकीत.

तालमीत तू विचारलं होतंस, "मास्तर, बर्फ म्हणजे आभाळातून पडणारं मीठ का?" मी म्हणालो होतो, "मोठा झालास की स्वतः जाऊन बघ." परवा रात्रभर बर्फ पडला. हॉटेलच्या खिडकीतून पाहिलास ना?

वर्तमानपत्रं मी हल्ली फारशी वाचत नाही, डोळे थकले. पण वसाहतमंत्र्यांनी संसदेत काय म्हटलं ते माझ्या कानावर आलं आहे: चाळीस वर्षांत टोगोतला एकही स्थानिक मुलगा उच्च परीक्षा उत्तीर्ण झाला नाही, तेव्हा स्वतःचं सरकार चालवायला त्या लोकांना अजून वीस वर्षं तरी हवीत. टोगोच्या स्वराज्याचं विधेयक त्यावरच अडलं आहे म्हणे. आणि ते व्यंगचित्रही पाहिलं. तुला शाळेच्या बाकावर उभं केलेलं, कान धरलेले, खाली 'नापास पुढारी'. तू त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. बरं केलंस. म्हणजे, बरं केलंस की नाही, ते मला सांगता येत नाही.

रविवारी कॉफीला ये. माथिल्डे आलुबुखारचा केक करणार आहे. मला तुझ्याशी थोडं बोलायचं आहे. फार महत्त्वाचं नाही. ये मात्र.

तुझा जुना मास्तर,
गोटहोल्ड वेर्निके


पॉट्सडॅम,
रविवार, ९ मार्च १९५८

प्रिय याओ,

तू आला नाहीस. चार वाजेपर्यंत खिडकीत बसलो, मग केक आम्हीच खाल्ला. तुझं दोन ओळींचं उत्तर काल मिळालं होतं, तरी मी बसलोच. 'वेर्निके मास्तरांस सादर प्रणाम. वेळ नाही. आपला विद्यार्थी नापास असल्यामुळे शुद्धलेखनात चूक आढळल्यास क्षमा करावी.' चूक एकही नव्हती. मी तपासलं. सवय.

मागच्या पत्रात 'फार महत्त्वाचं नाही' असं लिहिलं, ते खोटं होतं. आज सरळ लिहितो.

तू नापास झाला नव्हतास.

तेवीस सालच्या ईस्टरला सात मुलं उच्च परीक्षेला बसली. चौघं उत्तीर्ण झाली. तू पहिला, मेन्सा दुसरा. पेपर मी स्वतः तपासले, दोनदा, आणि निकाल शाळेच्या नोंदवहीत शाईनं लिहिला. त्या दिवशी मी किती आनंदात होतो! माझी बायको लिस्बेथ तापानं आडवी होती, तिच्या उशाशी बसून मी चारही नावं मोठ्यानं वाचली. बिचारी म्हणाली, "या पोरांना आता कुणी अडवू शकणार नाही."

तुम्हाला अडवण्याचं तेच खरं कारण होतं, याओ. नियम होता की उच्च परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला बादशाही नोकरीत घ्यायचं, गोऱ्याच्याच हुद्द्यावर, आणि गव्हर्नरच्या सल्लागार मंडळात बसायचा त्याला हक्क. नियम करणाऱ्यांना असं कुणी निघेल असं वाटलंच नव्हतं. इकडे एकदम चौघं निघाले.

तिसऱ्या दिवशी गव्हर्नरच्या कचेरीतला चिटणीस शाळेत आला. बसलाही नाही. म्हणाला, "वेर्निके, या वर्षी कुणी उत्तीर्ण होणार नाही."

मी म्हणालो, "पण साहेब, झालेत."

"मग दुरुस्ती करा."

एवढंच संभाषण. कागद नाही, शिक्का नाही. मी दुरुस्ती केली. वर पाठवायच्या अहवालात चार जागी 'अनुत्तीर्ण' लिहिलं आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी तुम्हा सात जणांना अंगणात उभं करून निकाल वाचला. तू फक्त विचारलंस, "मास्तर, कशात गेलो?" आणि मी म्हणालो, "गणितात."

लिस्बेथच्या आजारपणाचं कारण मी पुढे करू शकलो असतो. इतकी वर्षं मनातल्या मनात तेच करत आलो: तिला मायदेशी न्यायचं होतं, बदली हवी होती, चिटणिसाला दुखवून कसं चाललं असतं. पण बदलीचा हुकूम त्याच्या आधीच आठवडाभर माझ्या खिशात होता. मला कसलीही भीती नव्हती. वरून सांगितलेलं नाकारता येतं, हे मला सुचलंच नाही. आमच्या पिढीचं हे असं. आम्हाला कविता पाठ होत्या, व्याकरण पाठ होतं, 'नाही' एवढा शब्द मात्र कुणी घोकून घेतला नाही.

तू मग धक्क्यावर मजुरांची हजेरी लिहायला लागलास आणि वर्षानं सीमा ओलांडून इंग्रजांच्या मुलखात कायदा शिकायला गेलास, हे मला लोमेहून आलेल्या पत्रांतून कळलं. मेन्सा वसाहतीच्या फौजेत भरती झाला. जो माणूस शाळांचा तपासनीस व्हायला हवा होता, तो हवालदार होऊन कामेरूनच्या सीमेवर तापानं गेला. पंचवीस साली मला पदक मिळालं. लाल फितीचं. 'वसाहतीतील शिक्षणसेवेबद्दल'. ते मी दर वर्षी कैसरच्या वाढदिवसाला लावत आलो आहे. हेही लिहायलाच हवं.

आता नोंदवहीबद्दल. तुला आमचा नियम ठाऊक आहे, कारण तुमच्याकडूनही मी तो पट्टी मारून पाळून घेतला: नोंदवहीत खाडाखोड नाही, पान फाडायचं नाही, शाई खरवडायची नाही. चूक झाली तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आद्याक्षरं नि तारीख. मी अहवालात खोटं लिहू शकलो, पण नोंदवहीत शाई खरवडायला हात धजला नाही. 'उत्तीर्ण' वर एक रेघ, वर 'अनुत्तीर्ण', बाजूला गो. वे. आणि तारीख. चार वेळा. खालचं अजून स्वच्छ वाचता येतं. वसाहत खात्याची प्रत वाळवीनं खाल्ली असं ते सांगतात. दुसरी प्रत मुख्याध्यापकानं पुढच्या मुख्याध्यापकाच्या हाती द्यायची असते. माझ्यामागे कुणी आलाच नाही, शाळेचा सुतारकामाचा कारखाना झाला. म्हणून ती वही कायद्यानं आजही माझ्या ताब्यात आहे, खालच्या पेटीत.

हे खात्यालाही ठाऊक आहे. शुक्रवारी तिथला एक तरुण अधिकारी, डॉक्टर पाश्के, घरी येऊन गेला. अत्यंत सभ्य. माथिल्डेच्या हातचं कडक बिस्किट न कुरकुरता खाल्लं त्यानं.

"मुख्याध्यापक महोदय, ते जुनं दप्तर आमच्याकडे द्या. दप्तरखान्यात नीट राहील."

माथिल्डे म्हणाली, "पस्तीस वर्षं उंदरांच्या भरवशावर होतं, तेव्हा नाही आली ती सरकारला माया!"

"बाई, राज्याचं हित..."

मी विचारलं, "लेखी हुकूम आणलात का?"

तो जरा घुटमळला. "सध्या तोंडी आहे."

"तोंडी हुकमावर मी एकदा सही केली आहे, डॉक्टर. आता कान गेले. लेखी आणा, शिक्क्यानिशी, आणि वही कशासाठी हवी तेही त्यात लिहा."

त्यानं टोपी उचलली. दारात वळून हळूच म्हणाला, "आपलं पदक, पेन्शन... या वयात कशाला हा व्याप?" धमकी नव्हती ती, याओ. मुलगा खरंच काळजीनं बोलत होता. म्हणूनच जास्त लागलं.

ही वही मी तुला देऊ शकत नाही. तुझं शिष्टमंडळ दुसऱ्या पक्षाचं आहे, आणि सरकारी दप्तर दुसऱ्या पक्षाला देणं माझ्या शपथेविरुद्ध आहे. तू हसशील. हस. मी संसदेच्या वसाहत समितीला पत्र लिहून कळवलं आहे की वही माझ्याकडे आहे, आणि ती मी स्वतः समितीपुढे वाचून दाखवीन. मी जर्मन आहे, याओ, मला मागच्या दारानं चोरून आत जाता येत नाही. पण समोरच्या दारातून जायचं मी ठरवलं आहे.

क्षमा मागत नाही. ती मागण्याइतका मी अजून तुझ्यासमोर उभा राहिलेलो नाही.

गोटहोल्ड वेर्निके


पॉट्सडॅम,
गुरुवार, २० मार्च १९५८

माननीय याओ दोग्बे यांस सप्रेम नमस्कार.

आपण मंगळवारी समितीच्या दालनात प्रेक्षकांच्या बाकावर होतात, तेव्हा जे घडलं ते मी पुन्हा सांगायला नको. पण म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट लिहिल्याशिवाय ती झाली असं वाटत नाही, म्हणून थोडं लिहितो.

अध्यक्षबाईंनी खुर्ची देऊ केली, मी म्हणालो, "निकाल उभ्यानं वाचायचा असतो." मंत्र्यांचा वकील उठला. "साक्षीदारानं स्वतःच 'अनुत्तीर्ण' लिहून सही केलेली आहे. ती सही खोटी होती असं आता त्यांचं म्हणणं. मग आज खरं बोलत आहेत कशावरून?"

प्रश्न चोख होता. मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, साहेब. रेघेखालचं वाचा."

अध्यक्षबाईंनी वही मागून घेतली, चष्मा सारखा केला, आणि स्वतःच वाचायला लागल्या. याओ दोग्बे, जर्मन भाषा, अति उत्तम. इतिहास, उत्तम. गणित, अति उत्तम. एकेक विषय, एकेक नाव. चारही नावं त्यांनी अडखळत पण पूर्ण उच्चारली. पस्तीस वर्षांनी ती नावं या देशाच्या संसदेत वाचली गेली. मी भिंतीवरच्या राजचिन्हातल्या गरुडाकडे बघत होतो. ज्या राज्यात खोडलेलंही वाचता आलं पाहिजे असा नियम आहे, त्या राज्याचा मला अजून अभिमान वाटतो. तो नियम ज्यानं केला, त्याचं नाव मला ठाऊक असायला हवं होतं.

मंत्र्यांनी आपलं ते वाक्य काल संध्याकाळी मागं घेतलं. समितीत विधेयक अकरा विरुद्ध नऊ मतांनी पुढे गेलं. पूर्ण सभागृहात काय होईल ते मला सांगता येत नाही. पण तिथे आता कुणी तुम्हाला नापास म्हणणार नाही.

मंगळवारी समिती उठल्यावर बाहेरच्या ओसरीत आपण माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. ते शब्द मी जसेच्या तसे टिपून ठेवतो, कारण उद्या माझं मन ते गोड करून सांगेल.

आपण म्हणालात, "मास्तर, मी आजही प्रत्येक बेरीज तीनदा करतो."

मग आपणच पुढे बोललात.

"कायद्याच्या परीक्षेत पहिला आलो, तेव्हाही वाटलं, यांना माझं गणित माहीत नाही म्हणून." मग आपण हसलात, म्हणजे हसल्यासारखं केलंत. "मेन्सा तर म्हणायचा, 'आपल्या लोकांच्या डोक्यात आकडे बसतच नाहीत, याओ.' तो तसं मानूनच मेला."

मी म्हणालो, "त्याला गणितात 'उत्तम' होतं."

"मला कशाला सांगता? त्याला सांगायचं होतंत." आणि जाताना, माथिल्डेचा निरोप मी भीत भीत दिला त्यावर, "नाही मास्तर. कॉफीला नाही येणार. अजून नाही."

बरोबर आहे. मला तर त्याचाही अभिमान वाटला. ज्या मुलाला मी शिकवलं त्याला 'नाही' म्हणता येतं. ते त्याला मी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानं मिळवलं.

इकडची बातमी अशी की माझी खात्याकडून चौकशी सुरू झाली आहे. खोटा अहवाल पाठवल्याबद्दल. या वेळी लेखी आहे, शिक्क्यानिशी! माथिल्डे शेजारणीला फुशारकीनं सांगते, "आमच्या गोटहोल्डवर एक्क्याऐंशीव्या वर्षी खटला होणार आहे. तुमच्या यजमानांवर झालाय का कधी?" आरोप मी मान्य केला आहे. पदक टपालानं परत पाठवलं. पोचपावती आली.

नोंदवही समितीच्या ताब्यात जाण्याआधी मी अध्यक्षबाईंची परवानगी घेऊन चार जागी एकेक रेघ मारली, 'अनुत्तीर्ण' वर, आणि बाजूला आद्याक्षरं नि मंगळवारची तारीख लिहिली. खालचं वाचता येतं. येऊ दे. मी काय केलं तेही लोकांना दिसायला हवं.

प्रमाणपत्रं द्यायचा अधिकार वही ताब्यात असलेल्या मुख्याध्यापकाला असतो. त्या शेवटच्या सकाळी तो माझ्याकडे होता. घरून लिहून नेलेल्या चारही कागदांवर मी तिथल्याच टेबलाशी सही केली. जुनी तारीख घालता येत नाही, म्हणून मंगळवारचीच आहे. आपलं सोबत जोडलं आहे. ते फ्रेम करा किंवा फाडा, तो आपला हक्क.

दोघांची लोमेच्या पत्त्यावर पाठवली. चौथं माझ्या टेबलावर पडून आहे. मेन्साला एक मुलगी होती, आब्ला नावाची, ती आता कुठल्याशा दवाखान्यात सुईण आहे असं मी ऐकलं होतं. तिचा पत्ता मला कुठे मिळेना. तिचा बाप शिकलेला माणूस होता, आणि ते तिला त्याच्या मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात कळवणं भाग आहे. एका ओळीचं उत्तर पुरेल. माझ्यासाठी नको. तिच्यासाठी पत्ता द्यावा.

आपल्या चौघांच्या उत्तीर्ण होण्याचा साक्षीदार,
गोटहोल्ड वेर्निके